पहिला किस लिहायचा कसा?

प्रश्न : ताई, मी वेंगुर्ल्याची, वय २४. दिवाळी अंकासाठी कथा लिहितेय. मार्चमधली पहाट, गावातलेच मुलगा-मुलगी सुरंगीच्या सुवासिक फुलांचे कळे काढायला आलेत आणि झाडाखाली त्यांचा पहिला किस होतो. कथा सोबत पाठवतेय, बाकी जमली, पण ह्या सीनला आलं की अडकते. 'त्याच्या ओठांचा स्पर्श होताच तिच्या अंगातून वीज सळसळली' असं लिहिलंय, वाचलं की माझं मलाच खोटं वाटतं. शब्द तरी कुठला वापरू? मोठे लेखक कसं लिहितात हे?

उत्तर : अगं, खोटं वाटतंय हे तुझं तुलाच कळलं ना, मग अर्धं काम झालं. ती वीज इतक्या कथांमधून सळसळून गेलीय की वाचकाला आता तिचं काही वाटत नाही.

शब्दाचं दुखणं मात्र खरंय. चुंबन पुस्तकी, बोलताना कोण म्हणतं? मुका किंवा पापी म्हटलं की बाळच डोळ्यांपुढे येतं, किस आपण सर्रास म्हणतो पण पहाटे सुरंगीखाली तो उपराच वाटतो. शेजारी गोव्यात कोंकणीत उमो म्हणतात, किती गोड शब्द! पण मला विचारशील तर नावच घेऊ नकोस, काय घडलं तेवढं सांग.

शाकुंतलचा तिसरा अंक काढून वाच. तिथे तर किस होतच नाही! गौतमी येते आणि शकुंतलेला जावं लागतं, मग दुष्यंत एकटाच मागे राहून आठवत बसतो की तिने बोटांनी ओठ झाकले होते, नको नको म्हणत मान खांद्याकडे वळवली होती, मी कसाबसा तो चेहरा वर उचलला पण चुंबन राहूनच गेलं. इतक्या शतकांनी वाचतानाही ती हुरहुर आपल्याला लागते, कारण कालिदासाने ओठांपेक्षा बोटं आणि मान दाखवलीय.

अमरुशतक या संस्कृत शृंगारकाव्यातला एक श्लोक तर माझा फार लाडका. खोलीत कोणी नाही असं बघून नवी नवरी हळूच उठते, नवरा झोपलाय असं समजून कितीतरी वेळ त्याचा चेहरा न्याहाळते, मग बिनधास्त चुंबन घेते आणि तेवढ्यात तिला त्याच्या गालावर काटा आलेला दिसतो, म्हणजे हा जागाच होता! ती लाजून मान खाली घालते, तो हसतो. तुझी वीज आणि हा गालावरचा काटा, दोन्ही शेजारी ठेवून बघ. आणि पुढाकार तिचा आहे हेही बघ, तुझ्या कथेत सगळं तोच करतोय.

रशियन लेखक चेखवची 'चुंबन' ही १८८७ची कथा पण मिळव. एका बुजऱ्या लष्करी अधिकाऱ्याला अंधाऱ्या खोलीत एक अनोळखी बाई चुकून किस करते, बस एवढंच. पण मिशीजवळ पेपरमिंटसारखा गारवा त्याला कितीतरी वेळ जाणवत राहतो, आणि पुढे मित्रांना ही गोष्ट सांगायला बसतो तर ती एका मिनिटात संपते, त्याला वाटलेलं सकाळपर्यंत पुरेल. मला तिथे दरवेळी भरून येतं.

आता तुझा सीन. झाडाखाली पसरलेली चादर, तिच्या बोटांना लागलेली पिवळी पूड, तो डोक्याला भोवळ आणणारा वास, हे सगळं तूच आधीच्या पानावर लिहिलंयस आणि नेमकं किसच्या वेळी सोडून दिलंस. बोटांची ती पूड त्याच्या कॉलरला लागू दे, घरी गेल्यावर त्याच्या आईला दिसू दे. किस स्वतः एका ओळीत उरक, पण त्याच्या आधीचा वेळ लांबव, कळे काढून संपलेत तरी दोघं निघत नाहीत, ती चादरीचं टोक उगाच झटकतेय, असं काहीतरी. आणि अख्खी कथा ती दोघं मालवणीत बोलतायत, तर किस झाल्यावर तिच्या तोंडी ते 'मी तुझीच आहे' नको गं, ती पण मालवणीतच बोलू दे. नवीन ड्राफ्ट झाला की पाठव, मी नक्की वाचेन.