वाचकांचे प्रश्न: ब्रेट, शॉन आणि मॉन्ट्रियलची घंटा

मागच्या अंकात केबलच्या जमान्यातल्या अमेरिकन कुस्तीवर लिहिताना मॉन्ट्रियलची १९९७ ची लढत आम्ही एका ओळीत उरकली होती. ते नागपूरकरांना पटलेलं नाही, असं पत्रांवरून दिसतं. बहुतेक पत्रं त्या लढतीतल्या दोन पहिलवानांवर, ब्रेट हार्ट आणि शॉन मायकल्स याच जोडीवर आहेत, म्हणून हे सदर या वेळी त्यांनाच दिलं आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

आम्ही मातीतली कुस्ती पाहून मोठे झालो. तिथे जोड ठरवून सोडली तर लोक फड बंद पाडतात. इथे निकालच आधी ठरलेला, तर मग या दोघांचं वैर कशावरून होतं बाप्पा? (महाल)

आधी ठरतं ते इतकंच: कोण जिंकणार, शेवटचा डाव कोणता आणि लढत साधारण किती मिनिटं चालायची. मधलं बरंचसं रिंगमध्येच ठरतं, एकमेकांच्या कानाशी लागून. मान पकडलेली असताना दोघांची तोंडं केसांआड जातात ती यासाठीच. वेळ किती उरली हे रेफरी हळूच सांगतो.

पण बेल्ट, म्हणजे अजिंक्यपदाचा पट्टा, कोणाकडे ठेवायचा हे कंपनीचा मालक ठरवतो, आणि तिथे काहीही लुटुपुटूचं नसतं. ज्याच्या कमरेला बेल्ट, त्याचं पोस्टरवर नाव, कार्यक्रमातली शेवटची लढत त्याची आणि कमाईतही त्याचा वाटा मोठा. भांडण त्या जागेचं होतं.

ती जागा या दोघांसाठी रिकामी कशी झाली, तेही बघा. ऐंशीच्या दशकात ती हल्क होगनसारख्या धिप्पाडांची होती. पुढे स्टेरॉइडचं प्रकरण निघालं. डब्ल्यूडब्ल्यूएफ या कंपनीचे मालक विन्स मॅकमहन यांच्यावर अमेरिकन सरकारने खटला भरला. १९९४ मध्ये ते निर्दोष सुटले, पण तोवर फुगवलेल्या दंडांची चलती ओसरली होती. मध्यम चणीच्या, अंगात कसब असलेल्या गड्यांना तेव्हा वाट मिळाली. ब्रेट कॅलगरीचा. वडील स्टू हार्ट यांच्या घराच्या तळघरात शिकलेला. डाव खरा वाटला पाहिजे आणि समोरच्याला इजा होता कामा नये, यावर त्याची सगळी मिजास. शॉन टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोचा, होजे लोथारिओचा चेला. उड्या, नखरा आणि लोकांना खुर्चीवरून उठवण्याची हातोटी ही त्याची पुंजी. दोघांनी सुरुवात जोडीच्या लढतींतून केली. ब्रेटसोबत जिम नाइडहार्ट होता, शॉनसोबत मार्टी जॅनेटी.

लहानपणी खेळायच्या पहिलवानांच्या पत्त्यांवर उंची-वजन असायचं, ते खरं का? (सक्करदरा)

कंपनी जाहीर करायची तेच आकडे पत्त्यांवर यायचे, आणि कंपनी हात सैल सोडून लिहायची. ब्रेट ६ फूट आणि २३५ पौंड, म्हणजे साधारण १०७ किलो. शॉन ६ फूट १ इंच आणि २२५ पौंड, म्हणजे १०२ किलो. दोघंही यापेक्षा थोडे कमीच धरा.

शिडीवरची पहिली लढत शॉन आणि रेझर रॅमोनची, असं मी म्हणतो. भाऊ मानत नाही. (धरमपेठ)

भाऊ बरोबर आहे. डब्ल्यूडब्ल्यूएफमधली पहिली शिडीची लढत ब्रेट आणि शॉन यांची. २१ जुलै १९९२, मेन राज्यातलं पोर्टलंड शहर, इंटरकॉन्टिनेंटल हा दुय्यम बेल्ट पणाला. बेल्ट ब्रेटनेच राखला. तेव्हा ती टीव्हीवर आली नाही, नंतर व्हिडिओ कॅसेटवर निघाली, म्हणून फारशी कोणाच्या लक्षात नाही. प्रकारच मुळात कॅलगरीचा, स्टू हार्ट यांच्या स्टॅम्पीड रेसलिंगमधला. तो ब्रेटने सोबत आणला. गाजली मात्र २० मार्च १९९४ ची शॉन आणि रेझर रॅमोनची, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधली. ब्रेटच्या मनात सल राहिला तो इथपासून.

या लढतीत बेल्ट रिंगच्या वर टांगलेला असतो; चढून जो काढेल तो जिंकला. घात होतो तो शिडीचा. तिच्यावर माणूस आदळला की पायऱ्या वाकतात आणि मग ती धड उघडून उभी राहत नाही. त्यातच रिंगचा तळ म्हणजे लोखंडी सांगाड्यावर फळ्या, वर फोमचा पातळ थर आणि कॅनव्हास. त्या फळ्या लवतात. खाली कोणी धाडकन पडला की वर चढलेल्याची शिडी डुलते. म्हणून चढणारा एकेका पायरीवर थांबतो. लोकांना तो थकलेला वाटतो. निम्म्या वेळा तो तोल सावरत असतो.

एक तासाची लढत पाहिली. तासभरात एकदाही कोणी चीत झाला नाही. ही काय गंमत? (इतवारी)

ही ३१ मार्च १९९६ ची, रेसलमेनिया १२ या कंपनीच्या मोठ्या कार्यक्रमातली, कॅलिफोर्नियातलं अ‍ॅनाहाइम. नियम सोपा: ६० मिनिटांत जो जास्त वेळा चीत करेल तो विजेता. तास संपला तेव्हा दोघांच्याही नावावर शून्य. शेवटच्या क्षणांत शॉन ब्रेटच्या शार्पशूटर या कंबर वाकवणाऱ्या डावात अडकलेला होता, पण त्याने हार मानली नाही. बरोबरी झाली म्हणून ब्रेट बेल्ट घेऊन निघाला. तेवढ्यात अध्यक्षाच्या भूमिकेतल्या गोरिला मॉन्सूनने जादा वेळ जाहीर केला. त्यात पावणेदोन-दोन मिनिटांत शॉनने हनुवटीवर दोनदा लाथ हाणली आणि अजिंक्यपद मिळवलं.

तासभर दम टिकवायचा म्हणजे पहिली वीस-पंचवीस मिनिटं मानपकड, हातपकड असे जमिनीवरचे पेच घ्यावे लागतात. श्वास तिथेच परत मिळतो. उड्या आणि आपटाआपटी उत्तरार्धासाठी राखलेली असते. हे गणित दोघांनी चोख सांभाळलं. पण मधे एकदाही गुण न देणं ही आखणीतली चूक, असं आमचं मत. चाळिसाव्या मिनिटाला एक-एक अशी बरोबरी असती, तर शेवटची वीस मिनिटं लोक उभ्यानेच पाहत राहिले असते. दोघांनाही कमीपणा नको म्हणून शून्य ठेवलं आणि पूर्वार्ध रेंगाळला.

लढत संपल्यावर ब्रेट हस्तांदोलन न करता निघून गेला. पुढे कधीतरी शॉन आपल्याकडून हरून ही परतफेड करेल, अशी त्याची समजूत होती. फेब्रुवारी १९९७ मध्ये शॉनने गुडघ्याच्या दुखापतीचं कारण देऊन आणि आपलं हसू हरवल्याचं सांगून बेल्ट सोडला. ब्रेटला ते दुखणं खरं वाटलं नाही. इथून पुढे टीव्हीवरचं भांडण आणि कपड्यांच्या खोलीतलं भांडण वेगळं काढता येत नाही. मे महिन्यात शॉनने कॅमेऱ्यासमोर ब्रेटच्या खासगी आयुष्यावर शेरा मारला. जूनमध्ये हार्टफर्डला दोघांची पडद्यामागे खरोखर मारामारी झाली आणि शॉनच्या केसांचा झुपका उपटला गेला.

मुलगा पलंगावर धाकट्याला शार्पशूटर घालतो. डाव खरा आहे का, आणि धोका कितपत? (मानेवाडा)

डाव खरा आहे, धोकाही. समोरचा पाठीवर असतो. त्याचे दोन्ही पाय उचलून धरायचे. आपला एक पाय त्याच्या दोन पायांमधून आत रोवायचा. मग त्याचे पाय आपल्या नडगीभोवती एकमेकांवर आडवे घ्यायचे आणि वरचा पाय काखेत आवळायचा. त्याच्या अंगावरून पलीकडे पाऊल टाकत त्याला पालथा करायचं आणि शेवटी गुडघे वाकवून मागे बसायचं. जितकं खाली बसाल तितकी खालच्याची कंबर मोडते. हा डाव ब्रेटचा शोध नव्हे. जपानमध्ये रिकी चोशूने तो आधीच गाजवला होता आणि अमेरिकेत स्टिंगही तोच वापरायचा.

रिंगमध्ये इजा होत नाही, कारण खालचा माणूस मदत करतो. पालथं होताना तो स्वतःच कमरेतून वळतो आणि वरचा माणूस आपलं वजन स्वतःच्या मांड्यांवर तोलतो. घरात नेमकं हेच होत नाही. वरचा पोरगा ओढतो, खालचा अंग ताठ धरतो आणि सगळा पीळ गुडघ्यात उतरतो. गादी मऊ असेल तर पोट आत रुतून कंबर आणखी वाकते. मुलाला हौस असेल तर तालमीत घाला. तिथे वस्ताद आधी पडायला शिकवतील.

मॉन्ट्रियलला नेमकं काय घडलं? ब्रेटने हार मानली होती की नव्हती? (सदर, प्रतापनगर, खामला)

नव्हती. पण ते कळायला आधीचं वर्ष माहीत हवं. १९९६ च्या अखेरीस ब्रेटने मॅकमहन यांच्याशी वीस वर्षांचा करार केला. वर्षभरात मॅकमहन यांनीच सांगितलं की एवढा पैसा झेपत नाही, डब्ल्यूसीडब्ल्यूशी बोलून बघ. ती प्रतिस्पर्धी कंपनी, आणि सोमवारच्या टीव्हीवर तेव्हा तिचीच सरशी होती. ब्रेटने तिकडे सही केली. डिसेंबरमध्ये जायचं होतं, अजिंक्यपद मात्र अजून त्याच्याकडेच.

मॅकमहन यांची भीती निराधार नव्हती. डिसेंबर १९९५ मध्ये त्यांची महिला विजेती तिकडे गेली आणि तिने त्यांचाच बेल्ट टीव्हीवर कचऱ्याच्या डब्यात टाकला होता. तेव्हा ब्रेटने जाण्याआधी हरणं भाग होतं. ब्रेट हरायला तयार होता; कॅनडात, आणि तेही शॉनकडून, तयार नव्हता. त्याच्या सांगण्यानुसार शॉन आधी तोंडावर म्हणाला होता की तुझ्यासाठी मी हरणार नाही. आणि करारातलं एक कलम ब्रेटच्या बाजूने होतं: शेवटच्या तीस दिवसांत आपल्या निकालावर त्याचाही अधिकार.

तोडगा असा निघाला की लढतीत बाहेरचे लोक घुसतील, गोंधळात ती निकाली न होता थांबेल आणि ब्रेट नंतर बेल्ट सुपूर्द करेल. मॅकमहन यांनी याला होकार दिला. ब्रेटवर माहितीपट बनत होता. त्याच्या अंगावरच्या छुप्या मायक्रोफोनमुळे ते बोलणं ध्वनिमुद्रित झालं आहे.

९ नोव्हेंबर १९९७, मोल्सन सेंटर. तिकडे रविवारची रात्र. आपल्याकडे सोमवार उजाडला होता. ठरल्याप्रमाणे रेफरी अर्ल हेबनर आधी धडकून पडतो. शॉन ब्रेटला त्याच्याच शार्पशूटरमध्ये घेतो. ब्रेटच्या समजुतीप्रमाणे तो आता शॉनचा पाय ओढून डाव उलटवणार होता. तेवढ्यात हेबनर उठतो आणि घंटेची खूण करतो. रिंगला लागून उभे असलेले मॅकमहन घंटा वाजवणाऱ्यावर ओरडतात. घंटा वाजते. ब्रेटने ना मुखाने हार मानली होती, ना हाताने. हेबनर क्षणात बाहेर पडला आणि थेट गाडीत बसून निघून गेला. ब्रेट मॅकमहन यांच्या तोंडावर थुंकला, बोटाने हवेत डब्ल्यूसीडब्ल्यूची अक्षरं काढली, रिंगजवळचे टीव्ही फोडले. आत गेल्यावर त्याने मॅकमहन यांना ठोसा मारला. तो ठोसा ठरलेला नव्हता.

मग चूक कोणाची? (गोकुळपेठ)

करार पाहिला तर मॅकमहन यांची, सरळ सरळ. शब्द देऊन मोडला. आणि या धंद्यात शब्द मोडणं म्हणजे काय, ते पाहा: डोक्यावर उचललेला माणूस आपली मान वरच्याच्या हाती सोपवतो, तो नीट खाली ठेवेल या भरवशावर. अशा डावात अडकलेल्या माणसाला फसवलं, हा बाकीच्या पहिलवानांचा संताप होता.

पण ब्रेटचं सगळंच बरोबर होतं असंही नाही. हरणं हा या धंद्यात अपमान नसतो, ते काम असतं. स्वतःच्या देशात हरणार नाही, हा हट्ट त्याने कथेतला नायक म्हणून धरला की नोकरीतला माणूस म्हणून, हे त्यालाही वेगळं करता आलं नसावं. शॉनने कित्येक वर्षं कानावर हात ठेवले. शेवटी आपल्याला आधीच माहीत होतं, हे कबूल केलं.

पुढे समेट झाला का? (हिंगणा)

झाला, बारा वर्षांनी. जानेवारी १९९८ मध्ये, हरणाऱ्याला शवपेटीत बंद करायच्या लढतीत, पेटीच्या कडेवर पडून शॉनची पाठ गेली आणि तो चार वर्षं रिंगबाहेर राहिला. ब्रेटला डिसेंबर १९९९ मध्ये गोल्डबर्ग या पहिलवानाची लाथ डोक्यात बसली, त्यातच कारकीर्द संपली. २००२ मध्ये त्याला पक्षाघाताचा झटकाही आला. ४ जानेवारी २०१० ला टीव्हीवर दोघांनी हात मिळवले, मिठीही मारली. तो प्रसंग आखलेला होता; समेट खरा होता, असं दोघंही सांगत आले आहेत.

हे सगळं आता पाहायचं तर कोणत्या क्रमाने? (त्रिमूर्तीनगर)

आधी सर्व्हायव्हर सिरीज १९९२ या कार्यक्रमातली दोघांची लढत. ब्रेट तेव्हा अजिंक्यवीर, शॉन इंटरकॉन्टिनेंटल विजेता. शार्पशूटर नीट कसा लागतो ते इथे समजेल. मग तासाची लढत, वेळ नसेल तर शेवटची पंचवीस मिनिटं. तिसरी समरस्लॅम १९९७ या कार्यक्रमातली: ब्रेट विरुद्ध अंडरटेकर, रेफरी शॉन. ब्रेट शॉनवर थुंकतो, शॉनने रागाने फिरवलेली खुर्ची अंडरटेकरला लागते आणि ब्रेट जिंकतो.

मॉन्ट्रियल सगळ्यात शेवटी. तिथे नजर मॅकमहन कुठे उभे आहेत यावर ठेवा. घंटेजवळ आले की समजा. मूळ कार्यक्रमाची चित्रफीत मिळाली तर तिच्यात टीव्ही फोडल्याचा भाग नसेल. ती कोणी कापलेली नाही. शॉन बेल्ट घेऊन आत निघाला तिथेच प्रक्षेपण थांबवलं होतं. पुढचं सगळं इतर कॅमेऱ्यांनी टिपलेलं आहे, आणि ते वेगळं शोधावं लागेल.