परदेशी क्लायंटशी बोलताना आधी थांबायला शिका

अंधेरीतल्या ऑफिसातून कोपनहेगनला कॉल लावणार असाल तर उच्चारांची काळजी नंतर करा, आधी थांबायला शिका. 2009 साली 10 भाषांमधल्या हो-नाहीच्या प्रश्नांना उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजलं गेलं. सरासरी 0.2 सेकंद, जपानीत जवळजवळ शून्य, कोपनहेगनच्या डॅनिशमध्ये साधारण 0.47. फरक एवढासाच, पण कानाला खुपतो. त्यात नेटवर्कचा उशीर मिसळला की आपण गडबडून तोच प्रश्न फिरवून विचारतो, नेमका तेव्हाच समोरचा तोंड उघडतो, आणि मग दोघांचंही ‘सॉरी, बोला बोला’. प्रश्न एकदाच विचारा, मनात ‘एक, दोन’ म्हणा. त्याहूनही रेंगाळलं तर नकाराची तयारी ठेवा. तो होकारापेक्षा सहसा उशिराच येतो.

जपानी माणूस मध्येमध्ये ‘हाय, हाय’ करतो. ‘हाय’ म्हणजे ‘हो’, पण इथे तो आपल्या फोनवरच्या ‘हं, हं’सारखा. त्यावर ऑर्डर पक्की धरू नका, ईमेलवर लेखी घ्या.

ऐकू आलं नाही तर नुसतं ‘काय?’ नको. ‘गुरुवारी किती वाजता?’ असं नेमकं विचारा, नाहीतर बिचारा अख्खं पुराण पुन्हा लावतो.