दुसऱ्या अल्बमला आवाज साफ केला तर डेथ मेटल बँड मवाळ होतो का? त्यासाठी स्टुडिओ बदलावा का? (उत्तर)

मवाळ? अजिबात नाही. 'डेथ' या अमेरिकन डेथ मेटल बँडचे पहिले दोन अल्बम लागोपाठ लावा. 1987चा 'स्क्रीम ब्लडी गोर' कच्चा, रगेल. 1988चा 'लेप्रसी' अमेरिकेतल्या टॅम्पाच्या मॉरिसाउंड स्टुडिओमध्ये रेकॉर्ड झालेला, आवाज साफ. रिफ आणि रिफ (गिटारची पुन्हा पुन्हा येणारी छोटी धून) सुटी ऐकू येते आणि बँडचा गायक-गिटारवादक चक शुल्डिनर पहिल्यापेक्षा जास्त अंगावर येतो.

तुमच्या ड्रमरला हे पटत नाही असं तुम्ही लिहिलंय, ते वाचून राहवलं नाही. इंदूरला आमचा बँड याच वादात फुटला. रामबागेत दुसऱ्या गिटारवाल्याच्या घरी वरच्या खोलीत आमची प्रॅक्टिस चालायची. दुसऱ्या रेकॉर्डिंगच्या वेळी मी म्हटलं, गेन, म्हणजे गिटारचं डिस्टॉर्शन (आवाजाची फाटकी खरखर) किती चढवायचं ते, निम्म्यावर आणू. तीच रिफ डावीकडे एकदा, उजवीकडे एकदा वेगळी वाजवायची, भरीवपणा त्यातून येतो. गिटारवाल्याचा गेन खाली आणला आणि सगळं उघडं पडलं. जलद पाम म्यूटमध्ये (तळव्याने तारा दाबून वाजवताना) चार फटक्यांतला चौथा गायबच! इतके दिवस तो डिस्टॉर्शनच्या गाळात लपला होता. रेकॉर्डिस्टने दोन्ही टेक लागोपाठ ऐकवले. कमी गेनच्या टेकमध्ये किक ड्रमचा टोकदार ठोका आणि बेस, दोन्ही पहिल्यांदाच कळले. आमच्या बेसवाल्याचा चेहरा मला अजून आठवतो, बिचाऱ्याला स्वतःचं वाजवणं कधी ऐकूच आलं नव्हतं. गिटारवाला मात्र उखडला. "भिया, तुला मेटल नको, लग्नातला ऑर्केस्ट्रा पाहिजे." गिटार उचलली आणि गेला. रिफ घोटून बसवायची सोडून कच्चेपणाच्या नावाने गळे काढणं हा निव्वळ आळस आहे, हे मी आजही त्याच्या तोंडावर सांगेन.

स्टुडिओ बदलायचा की नाही ते खिसा बघून ठरवा. त्याआधी ड्रमरला क्लिकवर, म्हणजे कानात वाजणाऱ्या मेट्रोनोमच्या ठेक्यावर, घट्ट बसवा, किक डगमगली तर कुठलाही स्टुडिओ काही करू शकत नाही. आणि हो, तुम्हाला स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओसारखा करवतीचा आवाज हवा असेल, तर गेनबद्दलचं माझं म्हणणं सोडून द्या. तिथे बॉस कंपनीच्या एचएम-टू या डिस्टॉर्शन पेडलची सगळी बटणं शेवटपर्यंत फिरवलेली, तोच त्या आवाजाचा जीव.

तरीही ड्रमर ऐकेना, तर त्याला 'सफोकेशन' हा डेथ मेटल बँड ऐकवा. 1991चा 'एफिजी ऑफ द फरगॉटन' कसा अंगावर चालून येतो! दोन वर्षांनी आलेल्या 'ब्रीडिंग द स्पॉन'ची गाणी एक नंबर, पण आवाज इतका गढूळ की अर्धी मेहनत वाया गेली. त्यातली गाणी बँडने पुढच्या अल्बमांमध्ये एकेक करून पुन्हा रेकॉर्ड केली. गढूळपणातच सगळी ताकद असती, तर त्यांनी एवढा खटाटोप कशाला केला असता? मी आमच्या गिटारवाल्याला जिन्यातच हे विचारलं होतं. तो उत्तर न देता उतरून गेला.