लहान शहराच्या नगरपरिषदेत समुदाय विकासाचं काम कसं असतं? एमएसडब्ल्यू झालेल्याने घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झालंय, एका ब वर्ग नगरपरिषदेत समुदाय संघटकाची कंत्राटी जागा निघालीय, घरचे म्हणतायत त्यापेक्षा स्पर्धा परीक्षा दे, आणि हे काम नक्की काय असतं ते कोणीच नीट सांगत नाही. मी बरीच वर्षं याच कामात आहे. माझं उत्तर सरळ आहे, घ्या. पण काय घेताय ते कळून घ्या, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

खेड्यात ग्रामसभा असते, माणूस उभा राहून विचारू शकतो की आमच्या गल्लीत गटार का नाही. तीन लाख आणि त्याहून मोठ्या शहरांना 74 व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या सक्तीच्या केल्यात. आपली 40 हजार ते 1 लाख लोकसंख्येची ब वर्ग शहरं या दोन्हीच्या मधे अडकतात, ग्रामसभाही नाही आणि प्रभाग समितीची सक्तीही नाही. राज्याच्या 2009 च्या कायदा दुरुस्तीने क्षेत्रसभा, म्हणजे प्रभागातल्या छोट्या भागाच्या मतदारांची सभा, कायद्यात आली खरी पण नियमित भरणारी क्षेत्रसभा मी अजून कुठे बघितली नाही. त्यात 2022 पासून बऱ्याच नगरपरिषदांवर प्रशासक होते, म्हणजे ज्याच्या दारात जाऊन भांडायचं तो नगरसेवकसुद्धा नव्हता. वस्तीतल्या माणसाने बोलायचं तरी कुठे? ती जागा तयार करणं हेच मी आपलं मुख्य काम समजतो, बाकी योजना येतात, नावं बदलतात, बंद होतात.

ती जागा बहुतेक वेळा बचत गटातून उभी राहते. 10 ते 20 बायकांचा एक गट, असे 10-20 गट झाले की वस्तीस्तर संघ, त्यावर शहरस्तर संघ, ही रचना राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने 2013 पासून रुजवली. गटाला आपसात कर्ज द्यायला 10 हजार फिरता निधी मिळायचा, तेवढ्यासाठीच लोक गट करतात असं ऑफिसात काहीजण म्हणतात, मला ते अजिबात पटत नाही. अभियान सप्टेंबर 2024 मधे संपलं तरी माझ्या ओळखीचे कितीतरी गट अजून दर महिन्याला बसतात, बचत गोळा करतात, आणि नळाला पाणी कमी आलं तर सगळ्या मिळून पाणीपुरवठ्याच्या माणसाला गाठतात. फक्त मीटिंग सकाळी अकराला नगरपरिषदेच्या हॉलमधे ठेवू नका. धुणीभांडी करणाऱ्या, विड्या वळणाऱ्या, रोजाने शेतात जाणाऱ्या बायका तेव्हा कामावर असतात, मग त्याच त्या चार मोकळ्या बायका येतात आणि प्रोसिडिंगमधे लिहिलं जातं वस्तीची सहमती आहे. रात्री जेवणं उरकल्यावर जा, मंदिराच्या नाहीतर समाजमंदिराच्या ओट्यावर बसा.

आता सगळ्यात जास्त वेळ खाणारा विषय, घरकुल. पंतप्रधान आवास योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख मिळतात, घर बाईच्या नावावर किंवा नवराबायको दोघांच्या नावावर लागतं. ऐकायला सोपंय. पण "स्वतःच्या जागेवर" इथेच निम्मी वस्ती गळते, कारण लोक तीस-तीस वर्षं सरकारी जागेवर राहतायत, घरपट्टी भरतात, लाईटबिल आहे, रेशनकार्ड आहे आणि मालकीचा कागद नाही. 2018 च्या शासन निर्णयाने 1 जानेवारी 2011 च्या आधीची राहती अतिक्रमणं नियमानुकूल करायचा रस्ता दिला, पण तो रस्ता आपोआप चालत नाही. जागा कोणत्या खात्याची ते काढा, भूमी अभिलेखकडून मोजणी लावा, प्रत्येक घराचा 2011 आधीचा पुरावा गोळा करा, मग प्रस्ताव. मोजणीच्या दिवशी तुम्ही स्वतः वस्तीत हजर पाहिजे, कारण एखादी म्हातारी त्या दिवशी लेकीकडे गेलेली असते, दाराला कुलूप असतं आणि तिचं घर यादीतून सुटतं. विधवा, परित्यक्ता, भाड्याच्या खोलीतले, भटक्या जमातीची पालं, यांची नावं यादीतून सुटायला काही कारणसुद्धा लागत नाही. म्हणून मी सर्व्हेच्या आधी गटातल्या ताईंना घेऊन हाताने नकाशा काढतो, प्रत्येक दार, आत कोण राहतं, आणि सर्व्हे झाला की दोन्ही याद्या समोरासमोर ठेवून टिकमार्क करतो. हे कुठल्या जीआरमधे नाही पण माझ्या मते पूर्ण नोकरीतलं सगळ्यात मोलाचं काम हेच.

फेरीवाल्यांचं थोडक्यात सांगतो. 2014 च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे शहराच्या पथविक्रेता समितीत 40 टक्के सदस्य फेरीवाल्यांनी निवडलेले हवेत, त्यात एक तृतीयांश बायका. फेरीवाल्यांसाठीच्या पीएम स्वनिधी योजनेचं 10 हजारांचं कर्ज 2020 मधे आलं तेव्हा फेरीवाल्यांच्या सर्व्हेत नाव असणं किती कामाचं आहे ते सगळ्यांना कळलं. आठवडी बाजाराला खेड्यातून येणाऱ्या भाजीवाल्या मावशींनासुद्धा या कर्जासाठी नगरपरिषदेचं शिफारस पत्र देता येतं, ते द्या.

आणि डीपी, विकास आराखडा. तो नगररचनावाले करतात, तुमचं टेबल वेगळं, पण लक्ष ठेवाच. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांना 30 दिवस असतात, जाहिरात पेपरात येते आणि वस्तीत कोणाला पत्ता नसतो. तुम्ही नकाशा वस्तीत नेऊन दाखवला, हे बघा तुमच्या घरांवरून रस्ता दाखवलाय, हे मैदानाचं आरक्षण, तर लोक हरकत घेतात, सुनावणीला येतात आणि चांगलं बोलतात. आरक्षण पडलं म्हणजे काम झालं असंही नाही, दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर मालक नगररचना कायद्याच्या कलम 127 ची, म्हणजे जागा घ्या नाहीतर आरक्षण सोडा अशी, नोटीस देतो, मग नगरपरिषदेकडे पैसे नसतात आणि पोरांचं मैदान जातं. म्हणून बजेटच्या आधी, म्हणजे डिसेंबरातच, वस्तीच्या मागण्या लेखी द्या, पोच घ्या, कुठल्या हेडमधून, म्हणजे बजेटच्या कुठल्या खात्यातून, होईल ते अकाउंटच्या साहेबांना विचारून तेही अर्जात लिहा. हेड लिहिलेला अर्ज टाळणं अवघड जातं.

त्रास पण सांगतो. ऑर्डर अकरा महिन्यांची, पगार कधीकधी दोन-तीन महिने थकतो, आणि यादीत आपली माणसं घाला म्हणून फोन येतात. अशा वेळी भांडत बसू नका, निकष आणि यादी वस्तीत जाहीर वाचून दाखवा, बोर्डावर लावा, फोन आपोआप कमी होतात. घरी कमावणारे तुम्ही एकटेच असाल तर मात्र पगाराचा नीट विचार करा, परीक्षेचा अभ्यास सोडू नका, मीटिंगा रात्री असल्या तरी सकाळ तुमचीच असते.

इंटरव्ह्यूच्या आधीचा रविवार त्या गावात घालवा. डीपीचा नकाशा मिळाला तर सोबत ठेवा, एका वस्तीत फिरा, बायकांना विचारा पाणी किती वाजता येतं, संडास कुठे, शेवटचं कोण येऊन गेलं ऑफिसमधून. इंटरव्ह्यूला मुख्याधिकारी विचारतील काय करणार, तेव्हा त्या वस्तीचं नाव घेऊन बोला.