जुन्या कार्टूनमधल्या कोणत्या आवाजाची हवी तशी कदर झाली नाही?

माझ्या मते आर्थर क्यू. ब्रायनची. बग्ज बनीच्या मागे बंदूक घेऊन धावणारा एल्मर फड आठवतो ना? 'र'चा 'व' करणारा तो बोबडा आवाज 1940 पासून 1959 मध्ये मृत्यू येईपर्यंत ब्रायनचाच होता. पडद्यावर नाव मात्र बग्ज बनीचा आवाज देणाऱ्या मेल ब्लँकचं, कारण करारानुसार आवाजाचं श्रेय त्यालाच मिळायचं. ब्लँक मोठाच कलाकार, त्यात वादच नाही! पण ती कार्टून्स आता पुन्हा बघताना माझे कान एल्मरकडेच लागतात. फसल्यावर रडवेला होणारा त्याचा तो भाबडा सूर ऐकला की पोटात तुटतं, आणि तरीही हसू येतं.

रॉकी खारीचा आवाज देणाऱ्या जून फोरेला तर टीव्हीचा पहिला एमी पुरस्कार 2012 मध्ये मिळाला, वयाच्या 94व्या वर्षी.