गॅरेजचं दार उघड-बंद होताना प्रचंड आवाज करतं, वरच्या खोलीतली माणसं जागी होतात. काय करावं?

तुमच्या वर्णनावरून दार आडव्या फळ्यांचं, वर जाऊन छताला समांतर होणारं आणि मोटरवर चालणारं दिसतंय. स्प्रे मारला की चार दिवस बरं वाटतं आणि पुन्हा करकर सुरू, असं तुम्ही लिहिलंय. अशी दारं बसवणं आणि दुरुस्त करणं हेच माझं काम आहे, म्हणून सरळ सांगतो: स्प्रेचा डबा आधी बाजूला ठेवा. आवाज दाराचा आहे की मोटरचा, एवढं नक्की करा. ते न करता जो तो तेल ओतत सुटतो आणि दुखणं तसंच राहतं.

दार पूर्ण बंद करा. मोटरच्या दांडीवरून एक दोरी लोंबत असते, बहुतेक ठिकाणी लाल मुठीची. ती ओढली की दार मोटरपासून सुटतं. दार उघडं असताना ती ओढायची नाही. दाराचं वजन पेलणारी स्प्रिंग कमजोर असेल तर दार अंगावर येतं. आता हाताने सावकाश वर न्या, सावकाश खाली आणा आणि कान देऊन ऐका. दार गुपचूप चाललं, तर दोष मोटरकडे आहे. हातानेही तेवढंच खडखडलं, तर मोटरवर पैसे घालून काहीही होणार नाही.

मोटरकडचं काम थोडं आहे. चेनची मोटर असेल तर चेनचा झोळ बघा. साधारण अर्धा इंच झोळ चालतो. त्याहून जास्त असेल तर ती दांडीवर आपटते. मात्र ताठ ओढूनही ठेवू नका, त्याने दात असलेलं चाक झिजतं. वर खोली असेल तर खरा त्रास बहुतेकदा हादऱ्यांचा असतो. मोटर तुळईला थेट कसलेली असते आणि तिची घरघर लाकडातून किंवा स्लॅबमधून वर चढते. मोटर आणि तिला धरणाऱ्या पट्टीच्या मध्ये जाड रबराचे तुकडे टाकले की फरक त्याच दिवशी कळतो. मोटर बदलायचीच असेल तर चेनऐवजी पट्ट्याची घ्या.

दाराकडे वळल्यावर पहिलं काम पान्याचं. रोजच्या हादऱ्यांनी बिजागऱ्यांचे आणि रुळाच्या पट्ट्यांचे नट-बोल्ट ढिले होतात. हाताला घट्ट लागेपर्यंत आवळा, जोर लावू नका. पातळ पत्र्यातले आटे लगेच जातात. सगळ्यात खालच्या कोपऱ्यातल्या, तारेची दोरी अडकवलेल्या पट्टीला मात्र पाना लावायचा नाही. तिच्यावर स्प्रिंगचा पूर्ण ताण असतो.

मग रोलर, म्हणजे रुळात धावणारी दाराची चाकं. एकेक रोलर बोटांत धरून हलवून बघा. चाक दांडीवर डुगडुगतंय, कडेला चपटं झालंय किंवा दार सरकताना फिरायचं सोडून घासत जातंय, तर ते संपलं. जुन्या दारांना बिनबेअरिंगचे लोखंडी रोलर असतात. लोखंडावर लोखंड, दुसरं काय होणार! त्या जागी बंद बेअरिंगचे नायलॉनचे रोलर घाला. माझ्या मते एवढ्या खर्चात एवढी शांतता दुसऱ्या कशाने मिळत नाही. चाकाचा व्यास आणि दांडीची लांबी मोजून घ्या. दार बंद ठेवून, मोटरची वीज काढून, एका वेळी एकच बिजागरी सोडायची, रोलर तिरका करून रुळातून काढायचा, नवा घालून बिजागरी कसायची, मगच पुढची. वर सांगितलेल्या खालच्या दोन पट्ट्यांतले रोलर तेवढे कारागिराकडूनच बदलून घ्या.

आता वंगण. तुम्ही वापरताय तसले पातळ स्प्रे ओल हटवायला आणि गंज सोडवायला असतात, ते टिकत नाहीत. सिलिकॉनचा स्प्रे किंवा पांढरं लिथियम ग्रीस घ्या. बिजागरीच्या पिना, रोलरची दांडी जिथे बिजागरीत सरकते ती जागा, लोखंडी रोलरचं उघडं बेअरिंग, स्प्रिंगचे वेढे, स्प्रिंगच्या दांड्याच्या दोन्ही टोकांची बेअरिंगं, एवढ्याच जागी. दार दोनदा वर-खाली करा, ओघळ पुसा. रुळात ग्रीस भरू नका, कळकळीने सांगतो! त्यात धूळ बसून काळा चिकट लगदा होतो आणि रोलर फिरायचे थांबतात. रूळ कापडाने पुसून कोरडा ठेवायचा.

एवढं करूनही दार जड लागत असेल किंवा खाली येताना धाडकन आदळत असेल, तर स्प्रिंग तपासा. दोरी ओढून दार मोटरपासून सुटं करा, कमरेइतकं उचला आणि हात जवळच ठेवून पकड हळूहळू सैल करा. दार तिथेच थांबलं तर ठीक. खाली घसरलं किंवा आपोआप वर निघालं तर तोल बिघडलाय, आणि मोटर रोज तो भार ओढत कण्हतेय. नेहमीची स्प्रिंग साधारण १०,००० वेळा उघड-बंद करण्याच्या हिशेबाने बनवतात. दिवसाला चार फेऱ्या धरल्या तर जेमतेम सात वर्षं. ती स्वतः सैल करायला किंवा पिळायला जाऊ नका, पिळायला घातलेली सळई निसटली तर हात मोडतो, डोळा जातो. कारागीर बोलवा. दोन स्प्रिंगा असतील तर दोन्ही एकदम बदलायला सांगा, कारण एक गेली म्हणजे तेवढंच राबलेली दुसरीही जाण्याच्या बेतात असते.