ग्रुप सोडला म्हणून लिहितोय

झिला,

काल रात्री मी गावचा ग्रुप सोडला तो तुझ्यावर रागावून नाही, हे आधीच सांगतो, कारण तू लगेच पर्सनलवर विचारलंस "काका रागावलात काय" आणि मी नुसता अंगठा पाठवला. अंगठ्यातून काय कळणार माणसाला? आज संध्याकाळपासून लाइट नाहीये, फोनला साठ टक्के बॅटरी आहे, पडवीत बसून लिहितोय. लांबेल. वाचायचं तर वाच नाहीतर झोप आणि उद्या वाच.

ग्रुप सोडला कारण सकाळी चहाच्या आधी फोन बघितला तर २१४ मेसेज. त्यातले दीडशे आपल्या टुर्नामेंटमधल्या त्या रनआउटवर, चाळीसेक हायवेच्या खड्ड्यांवर, बाकी कोण कोणाच्या पक्षात गेला आणि कितीला गेला त्यावर. आणि मधेच कुठेतरी वरच्या वाडीतल्या त्या पोराने लिहिलं होतं की वडिलांची बायपास झाली, शुद्धीवर आलेत. त्याच्या खाली लगेच पुढचा मेसेज काय, तर "बॅट लाइनवर आहे, लाइन म्हणजे आउटच". त्याला कुणी साधं "काळजी घे" पण लिहिलं नाही. मी पण नाही लिहिलं, मला तो मेसेज दुपारी दिसला. मग लाज वाटली आणि सोडला ग्रुप.

आता रनआउटचं. मी त्या दिवशी स्कोअरच्या टेबलावर होतो, तुझ्यापेक्षा जवळ. माझ्या मते पण तो नॉटआउट होता, बॅट बोटभर आत होती. म्हणजे निर्णय चुकला हे तुझं म्हणणं मला मान्य आहे, त्यावर भांडण नाही. पण तू काय केलंस, व्हिडिओ स्लो केलास, लाल गोल काढलास, वर रडका म्युझिक लावलास आणि खाली लिहिलंस "किती खाल्ले?" अरे, तो अंपायर पहाटेपासून जेटीवर बर्फ फोडून क्रेट भरून आलेला, घरी जाऊन आंघोळ करून पांढरा शर्ट घालून माळावर हजर, पाचशे रुपये आणि एक वडापाव यासाठी. त्या बाजूचा हॅलोजन जनरेटरने दगा दिला म्हणून बंद होता, स्टंपच्या मागे सगळी कीपरची सावली. त्याला बघायला एक सेकंद मिळाला. तू तोच सेकंद घरी पंख्याखाली पडून अकरा वेळा पुढे-मागे केलास. त्याची मुलगी यंदा दहावीला गेली, तिच्या पण फोनवर गेला तो व्हिडिओ. कुणी पाठवला असेल ते विचारू नकोस, गाव आहे.

मी स्वतः बारा वर्षं अंपायरिंग केलंय या माळांवर. एका फायनलला मी कॅच दिला जो टप्पा पडून आलेला होता, सगळ्यांनी बघितलं, मीच नाही बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो बॅट्समन घरी आला, ओटीवर बसला आणि सुरू, "मेल्या, डोळे खंय होते तुझे?" अर्धा तास शिव्या घातल्या. तुझ्या काकीने त्याला घावणे वाढले, शिव्या देत देतच चार घावणे खाल्ले त्याने, चहा प्याला आणि गेला. पुढच्या वर्षी मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन तोच आला. आता तुझा तो व्हिडिओ परवापासून अठ्ठावीस हजार लोकांनी बघितला म्हणतोस. त्यातले किती जण त्याच्या ओटीवर येऊन बसणार आहेत सांग.

आणि तू मला अभिमानाने सांगितलंस की बांगड्याच्या तिखल्याची रील टाकली तर चारशे व्ह्यू आणि शिव्या घातल्या तर अठ्ठावीस हजार. बरोबर आहे, होणारच. त्या मशीनला शिवी आणि शाबासकी यातला फरक नको असतो, त्याला फक्त लोक थांबले किती नि बोटं चालली किती एवढंच मोजायचं असतं. तिखल्याच्या खाली माणूस "मस्त" लिहून पुढे जातो, भांडणाच्या खाली तो तीन वेळा परत येतो, मला कोण काय बोललं बघायला. (तिखल्यात तू त्रिफळं फार घातलीस, ते वेगळं.)

क्रिकेटच्या रागाचं तर काही खरंच नसतं रे. हार्दिक पंड्याचं आठव. २०२४ च्या एप्रिलमध्ये वानखेडेवर मुंबईचीच माणसं त्याला हुर्यो करत होती, का तर मुंबई इंडियन्सची रोहितची कॅप्टनशिप त्याला दिली, जसं काय त्याने रात्री येऊन चोरलीच. तू पण स्टेटसला काय काय टाकलं होतंस, मी स्क्रीनशॉट काढत नाही पण लक्षात राहतं माझ्या. २९ जूनला बार्बाडोसला वर्ल्ड कपच्या फायनलमध्ये शेवटच्या ओव्हरला साउथ आफ्रिकेला १६ हवे, समोर मिलर, आणि बॉल कुणाच्या हातात, तर त्याच्याच. पहिल्याच बॉलला सूर्याने बाउंड्रीवर आत-बाहेर करत तो कॅच घेतला, ७ रनने वर्ल्ड कप जिंकलो, आणि ४ जुलैला त्याच वानखेडेवर "हार्दिक, हार्दिक". तीन महिन्यांत. तू जुने स्टेटस पुसलेस का आपोआप गेले, तेवढंच मला विचारायचं होतं.

आणि "या देशात क्रिकेटशिवाय दुसऱ्या खेळाला किंमत नाही" हे पण तूच लिहितोस दर दोन महिन्यांनी. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिलाच वर्ल्ड कप झाला, मुलं आणि मुली दोन्ही टीम आपल्या जिंकल्या, दोन्ही कॅप्टन महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. आपल्या ग्रुपवर त्यावर किती मेसेज आले? तीन. त्यातला एक माझा आणि एक चुकून आलेला गुड मॉर्निंग.

तुला वाटेल म्हातारा उपदेश करतोय, याने काय कधी फोनवर चूक केलीच नसेल. केलीय, आणि तुझ्यापेक्षा मोठी. २०१८ च्या जूनमध्ये पोरं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज येत होते, फोटोसकट. मी पण ढकलला पुढे, तीन ग्रुपवर, "सावध राहा" असं वर लिहून. सावध राहा लिहिलं की आपण काहीतरी चांगलं केलं असं वाटतं ना. चार दिवसांनी तिठ्यावर गर्दी दिसली. चादरी विकणारा एक माणूस, स्कूटरला मागे गठ्ठा बांधलेला, पोरांनी त्याची चावी काढून घेतलेली. तो आधार कार्ड दाखवत होता आणि त्याचा हात एवढा थरथरत होता की कार्ड वाचता येत नव्हतं, म्हणून पोरं आणखी चिडत होती, "नीट धर, काय लपवतोस?" एकाने त्याचा गठ्ठा सुरीने फाडला, आत चादरीच. नशीब, तेवढ्यात दुकानावर आलेली एक मावशी ओरडली, अरे ह्याच्याकडून मी दरवर्षी घेते, सोडा त्याला. सोडला. त्याने चादरी गोळा केल्या, फाटलेली एक तिथेच टाकून गेला, परत कधी आला नाही आपल्या बाजूला. त्या पोरांतल्या एकाच्या हातात फोन होता आणि त्यावर जो मेसेज उघडा होता, तो माझा होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, १ जुलैला, धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला असल्याच अफवेवरून पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. पाच. ती बातमी मी टीव्हीवर उभ्यानेच बघितली, बसवेना. त्याच महिन्यात व्हॉट्सअपने आपल्याकडे एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल असं केलं. मी माझ्यापुरता तो आकडा शून्य केला.

बरं, आता राजकारण. "सगळे चोर, सगळे सारखेच" हे तुझं पेटंट वाक्य. मला सांग, हे वाक्य ऐकून सगळ्यात जास्त बरं कुणाला वाटत असेल? जो खरा चोर आहे त्यालाच ना, त्याला गर्दीत उभं राहायला मिळालं. हायवेचंच घे. २०११ साली मुंबई-गोवा हायवेच्या पनवेल-इंदापूर पट्ट्याचं काम सुरू झालं, तू तेव्हा पाटी-पेन्सिल घेऊन फिरत होतास, आता तुला दाढी आली तरी गणपतीला चाकरमानी शिव्या देतच घरी पोचतात. मी पण देतो. पण त्याच रस्त्यावर २०१६ च्या २ ऑगस्टला रात्री महाडजवळ सावित्रीवरचा इंग्रजांच्या वेळचा पूल गेला, जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसट्या माणसांसकट पुरात गेल्या. त्यानंतर नवीन पूल किती दिवसांत उभा राहिला? १६५. २०१७ च्या जूनमध्ये, पुढच्या पावसाच्या तोंडावर, गाड्या जायला लागल्या. म्हणजे जमतं. मग बाकीच्या रस्त्याला का नाही जमत, कुठल्या पट्ट्यात कोण अडलाय, जमीन अडलीय का ठेकेदार पळाला, हे विचारायला पाहिजे, आणि ते विचारायला "सगळे सारखेच" हे वाक्य आधी तोंडातून काढायला लागतं. तुझ्या आज्याच्या पिढीने इथून नाथ पै आणि मधु दंडवते निवडून दिले. दंडवते रेल्वेमंत्री झाले ७७ साली, सेकंड क्लासच्या स्लीपरला नुसत्या लाकडी फळ्या असायच्या त्यावर गादी आली. तेव्हाची माणसं काही देव नव्हती, तुझा आजा तर दंडवत्यांना पण नावं ठेवायचा. पण सभेला जाऊन, पहिल्या रांगेत बसून, प्रश्न विचारून मग नावं ठेवायचा.

आपल्या व्हाळावरच्या साकवाचं तुला माहीत नसेल, तू तेव्हा मुंबईला कोर्स करत होतास. पावसात शाळेची पोरं कमरेएवढ्या पाण्यातून जायची आणि आम्ही सगळे दहा वर्षं एकच म्हणायचो, पैसे खाल्ले. शेवटी मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. तीस दिवसांची मुदत असते, अठ्ठाविसाव्या दिवशी दोन पानं आली. काय निघालं माहितीय? पैसे कुणी खाल्लेच नव्हते, कारण ते आलेच नव्हते. प्रस्तावच गेलेला नव्हता, कारण त्याला ग्रामसभेचा ठराव जोडलेला नव्हता. आणि ठराव का नव्हता, तर ग्रामसभेला माणसं नव्हती. कोरमला गावच्या मतदारांतले पंधरा टक्के किंवा शंभर, जे कमी असेल ते लागतात. आम्ही तेवीस असायचो, त्यातले पाच-सहा ग्रामपंचायतीचेच. मग सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही, म्हणून परत बोलावली की पाच माणसं बसून वाटेल ते पास करणार. आमचा साकव त्या पाचांच्या डोक्यात कधी आलाच नाही, त्यांच्या वाटेत व्हाळ नव्हता. १५ ऑगस्टच्या सभेला घरोघर फिरून माणसं नेली, ठराव केला. तरी वर एका टेबलावर तो आठ महिने पडून होता, ते मी विसरलेलो नाही, दर महिन्याला जाऊन विचारत होतो. दोन पावसाळे गेले, साकव झाला. हातभर बुटका झालाय, मोठ्या पुरात बुडतो. पण आहे. आणि आपल्या ग्रुपवर २४० जण आहेत, मी गेलो म्हणजे २३९.

देवळात गाऱ्हाणं घालतात ते तू लहानपणापासून ऐकतोयस, शेवटी "व्हय म्हाराजा" ओरडायला तुझाच आवाज मोठा असायचा. नीट ऐकलंयस का कधी? आधी ज्याला सांगायचं त्याचं नाव. बा देवा म्हाराजा. मग कोण सांगतोय, कुठल्या वाडीतला, कुणाचा कोण. मग काय झालं. मग काय पाहिजे, नोकरी पाहिजे का मूल पाहिजे का बागेवरचा रोग जायला पाहिजे, स्पष्ट. आणि सगळे समोर उभे असतात, चेहरा दाखवून व्हय म्हणतात. तू रात्री अकराला लिहितोस त्याला नाव नाही, पत्ता नाही, काय पाहिजे ते नाही, त्याला आपल्याकडे गाऱ्हाणं म्हणत नाहीत, करवादणं म्हणतात, दात येताना पोरं करवादतात तसलं. मला तुझं तोंड बंद करायचं नाहीये, तू बोलतोस म्हणून तर मला आवडतोस, घाबरून गप्प बसणारी पोरं गावात खूप आहेत.

तो व्हिडिओ डिलीट कर म्हणून मी सांगणार नाही, तुझं तू ठरव. पण शनिवारी संध्याकाळी मी त्याच्याकडे जाणार आहे अंपायरकडे, टुर्नामेंटच्या हिशोबाची वही द्यायची आहे. तू ये बरोबर. रनआउट चुकलं हे त्याच्या तोंडावर सांग, मी पण सांगणार आहे, माझं स्कोअरशीट पण नेतो. तो शिव्या घालेल, ऐकून घे. आणि "किती खाल्ले" याचं काय करायचं ते तिथे बसल्यावर तुला सुचेल ते बोल, मी मधे पडणार नाही.

येताना जेटीवर पेडवे मिळाले तर किलोभर आण, एक जूनपासून बंदी लागली की ट्रॉलरवाल्यांचं सगळंच बंद होईल. आणि वरच्या वाडीत त्या पोराला फोन कर, मी आज केला, वडील पेज जेवले म्हणाला. बॅटरी एकोणीस टक्के झाली.

तुझा काका